चार वाजताची सुरावट

आमच्या घरात आईची पत्रं उन्हात वाळत घालत. पोस्टमन ओटीवर कार्ड टाकून गेला की आत्या ते चिमट्यानं उचलायची, चुलीतला निखारा उचलायच्या त्याच चिमट्यानं, आणि मागल्या पडवीच्या पत्र्यावर दोन दगडांखाली ठेवून द्यायची. अख्ख्या दिवसाचं ऊन खाल्ल्याशिवाय ते माझ्या हाती पडत नसे. पावसाळ्यात ऊन कुठलं. तेव्हा ती चुलीवर बांधलेल्या दोरीला कार्ड टांगायची आणि खाली कडुनिंबाचा पाला टाकून धूर करायची. त्यामुळे आईच्या पत्रांना आईचा वास कधी आलाच नाही. उन्हाळ्यात तापल्या पत्र्याचा यायचा आणि पावसाळ्यात धुराचा. शाईसुद्धा उडायची. निळी अक्षरं फिकट तपकिरी होत, आणि शेवटच्या ओळी वाचायला मी कार्ड दारात नेऊन तिरकं धरत असे.

आईला क्षय झाला होता. हा शब्द घरात कोणी उच्चारत नसे. ‘वहिनी हवापालटाला गेल्यात’ असं आत्या सांगायची आणि ऐकणाऱ्या बायकाही ‘मानवली का हवा?’ असं विचारायच्या. पोलादपुरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळे मिळून ते झाकत होते. आई घाटावरच्या इस्पितळात होती. आमच्या ओटीवरून घाटाचा रस्ता दिसे. सकाळची एसटी वर चढताना आधी तिचा आवाज दिसेनासा होई आणि मग ती. म्हणजे मला तरी तसंच वाटे. लहान मुलांना इस्पितळात सोडत नसत. अण्णा महिन्यातून एकदा त्या एसटीनं वर जात आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येत. आल्यावर विहिरीवर आंघोळ करत, मग घरात पाऊल. ‘कशी आहे?’ असं मी विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणत. अण्णांच्या तोंडून याहून लांब वाक्य निघायला शाळा भरावी लागे.

अण्णा शाळेचे मुख्याध्यापक. खादीचं धोतर, खादीची टोपी, आणि संध्याकाळी ओटीवर बसून टकळीवर सूत. आत्या त्यांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली. जिभेला धार आणि हाताला चव. तिच्या हातची कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी आठवली की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं. डॉक्टरनं कुळीथ बंद केलेत, तो भाग वेगळा. आम्ही तिघं जेवायला बसायचो आणि जेवणभर फक्त भुरक्यांचा आवाज. आई असताना ती बोलायची आणि आम्ही तिघं ऐकायचो. बोलणारं माणूसच गेल्यावर उरलेल्यांना काय करावं ते सुचेना.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. शाळेत मला कोणी काही म्हणत नसे, कारण मी गुरुजींची मुलगी. पण सागरगोटे खेळताना माझा डाव यायच्या आत खेळ संपायचा. माझ्या पेल्यानं कोणी पाणी प्यायचं नाही. बाकावर शालू माझ्या शेजारी बसायची, ती एके दिवशी पलीकडच्या बाकावर दिसली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘आयनं सांगितलंय, तिथं उजेड बरा हाय.’ मी घरी येऊन आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, ‘बसू दे उजेडात. डोळे दिपतील मेलीचे.’ मला हसू आलं आणि मग खूप रडू आलं.

सरकारनं गावाला एक रेडिओ दिला होता. बॅटरीवर चालणारा, लाकडी पेटीचा, अख्ख्या गावाचा मिळून एक. तो शाळेच्या कचेरीत असे आणि त्याची किल्ली अण्णांकडे. कचेरीतून एक तार बाजारपेठेतल्या चावडीपर्यंत नेली होती आणि चावडीच्या कौलांवर भोंगा बसवला होता. रोज संध्याकाळी अण्णा रेडिओ लावत. मग पेठेत बातम्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम आणि एखादं भजन ऐकू जाई. त्या पावसाळ्यात झाडाची फांदी पडून ती तार तुटली आणि भोंगा मुका झाला. अर्ज गेले, महाडचा माणूस उद्या येतो, परवा येतो असं चाललं. तोवर ज्यांना बातम्या हव्यात ते कचेरीच्या खिडकीशी येऊन उभे राहत.

भाद्रपदात आईचं एक कार्ड आलं. धुरावर चांगलं काळं झालेलं. तिनं लिहिलं होतं की इस्पितळाच्या व्हरांड्यात रेडिओ आहे आणि दर रविवारी दुपारी चार वाजता बाहेरदेशातल्या केंद्रावर हिंदीतून एक गोष्ट लागते, अंतराळात गेलेल्या माणसाची. ‘कुसू, तू अण्णांकडून किल्ली घे. चारला तू तिकडे ऐक, मी इकडे ऐकते. म्हणजे आपण दोघी तेवढा वेळ एकाच ठिकाणी.’ पुढे तबकडीवर काटा कुठे आणायचा ते खुणेसकट काढून दाखवलं होतं.

मी अण्णांना एवढंच म्हटलं की रविवारी रेडिओ पुसून ठेवते. त्यांनी किल्ली दिली. रविवारी शाळेत चिटपाखरू नसायचं. मी आतून कडी लावायचे, काटा खुणेवर आणायचे आणि पेटीच्या जाळीला कान लावून बसायचे. आधी समुद्रासारखी खरखर, मग सुरावट. खालच्या पट्टीत पुष्कळ वाद्यं एकदम, फार सावकाश, चार माणसांनी मिळून जड पोतं उचलावं तशी. मग ती सगळी थांबत आणि एकटंच एक वाद्य वर येई. सनईच्या जातीचं, पण लग्नातलं नव्हे. ते दोनदा काहीतरी विचारी आणि उत्तर न मिळाल्यासारखं थांबे. तेवढ्यात गोष्ट सांगणारा बोलू लागे. चंद्राच्याही पलीकडे गेलेला एक कॅप्टन, यंत्र बिघडलेलं, तो बोलतो ते पृथ्वीवर ऐकू येतं, पण पृथ्वीवरचं त्याला ऐकू जात नाही. तरी तो रोज बोलत राहतो. हिंदी मला निम्मंच कळे. पण ती सुरावट पुरी कळायची. ती वाजत असताना आई माझ्या शेजारी बसली आहे, असं मला वाटत नसे. खरंच बसलेली असे. मी पेटीच्या डाव्या बाजूला सरून तिला जागा करून देत असे.

गेल्या दिवाळीत मी पुण्याला नातीकडे होते. सई रात्रंदिवस त्या मोठ्या टीव्हीवर मालिका बघते. परदेशी, अंतराळयानांची, कोण कुठल्या ग्रहाचा आहे ते तिलाच कळतं. मी वाती वळत बसले होते. त्या यानातला एक म्हातारा यंत्रज्ञ खिडकीशी एकटाच बसला, त्यानं काहीतरी दाबलं आणि माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. तीच सुरावट. साठ वर्षांनी, आणि पुन्हा अंतराळातच. मी म्हटलं, ‘मागे घे.’ सईनं मागे घेतलं. पुन्हा म्हटलं, ‘मागे घे.’ चौथ्यांदा ती म्हणाली, ‘आजी, ही सिंफनी आहे. शंभरेक माणसं मिळून वाजवतात.’ तिनं फोनवर शोधून नावही सांगितलं, पण ते माझ्या तोंडात बसत नाही, म्हणून इथे लिहीत नाही. शंभर माणसं हे मात्र मला खपलं नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं की तिथे एकच माणूस आहे, आणि बाकीचे कोणी त्याच्याशी बोलत नाहीत.

तर फाल्गुनातला तो रविवार. शालूच्या थोरल्या बहिणीला हळद लागत होती. पेठेत मांडव, ताशा-सनई, चुलवणावर मोठी पातेली. सगळ्या वर्गाला बोलावणं होतं. आत्याला नव्हतं, ती विधवा म्हणून. आणि मला नव्हतं, का ते शालूनंही सांगितलं नाही. मी चारच्या आधीच शाळेत गेले. ताशाचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्याही लावून घेतल्या. त्या दिवशी केंद्र नीट लागत नव्हतं, म्हणून आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. मला काय ठाऊक, की सकाळी महाडचा माणूस अखेर उगवला होता, तार सांधून, भोंग्याच्या बॅटऱ्या नव्या घालून, हळदीचे लाडू खाऊन परत गेला होता आणि अण्णांना उद्या सांगू म्हणून सगळे विसरले होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात देशाचे सर्वांत मोठे पुढारी वारले. तेव्हा भोंगा चालू होता. कित्येक दिवस त्यावर ना गाणं, ना भजन. नुसती संथ, रडवी वाद्यं. अख्खी पेठ चावडीखाली बसून ऐकत होती. कोणी डोकी भादरली, कोणी आंघोळी केल्या, चार दिवस कोणी कढई चढवली नाही. तेव्हापासून गावानं मनाशी पक्की गाठ बांधून ठेवली होती, की भोंग्यावर शब्दावाचून हळू वाद्यं वाजली म्हणजे मोठं माणूस गेलं.

चार वाजता सहा महिने मुका असलेला भोंगा अचानक ती सुरावट वाजवू लागला. पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. ताशेवाल्याचा हात वरच राहिला. दुकानदारांनी फळ्या लावल्या. भजीवाल्यानं भट्टीवर तांब्याभर पाणी ओतलं. एसटीच्या ड्रायव्हरनं गाडीचा हार काढला आणि गाडी बाजूला घेऊन खाली उतरून उभा राहिला. सुरावट पुलापर्यंत पोचली तोवर तिला नावही चिकटलं होतं. एक म्हणे दिल्लीचे गेले, दुसरा म्हणे मुंबईचे. मांडवात नवरीच्या एका गालाला हळद लागली होती. बायकांनी तिला उठवलं आणि आत नेऊन तोंड धुतलं. सुतकात हळद कशी लावणार?

मला यातलं काहीच ऐकू आलं नाही. कान पेटीला होता. दारावर थापा पडल्या तेव्हा मी दचकून कडी काढली. दारात अण्णा. धावत आल्यामुळे टोपी सरकलेली, डोळे ओले, आणि काखेत घडी केलेला झेंडा. अर्ध्या काठीवर चढवायचा म्हणून ते घरून तो घेऊन आले होते. त्यांनी मला बघितलं, पेटीकडे बघितलं. वाद्य दोनदा विचारून थांबलं. मग गोष्ट सांगणारा खाकरला आणि तेही भोंग्यावर गेलं. अण्णांनी बटण फिरवलं. त्याबरोबर बाहेर जी शांतता पसरली ती मला खिडकी बंद असूनही ऐकू आली.

तोवर सरपंच आणि पाचपन्नास माणसं शाळेच्या पटांगणात आली होती. ‘गुर्जी, कोन गेला?’ सरपंचांनी विचारलं.

अण्णा पायरीवर उभे राहिले. मी त्यांच्या मागे, धोतराच्या सोग्याएवढ्या अंतरावर. ‘कोणी गेलेलं नाही,’ ते म्हणाले. ‘परदेशी केंद्रावरचा करमणुकीचा कार्यक्रम होता. रेडिओ मी लावला होता. चूक माझी आहे.’

‘करमणूक?’ एक म्हातारा मागून म्हणाला. ‘मंग त्यो रडत व्हता कोन?’

कोणी हसलं नाही. शालूचे वडील पुढे आले. त्यांच्या हाताला अजून हळद होती. ‘गुर्जी, माज्या पोरीची हळद धुतली. तुमच्या घरात दुखणं हाय, आमी कदी तोंडातून शब्द काडला नाय. पन आमच्या घरात असा अवलक्षान नको व्हता कराया.’

अण्णांनी हात जोडले. ज्या माणसानं कॉपी करणाऱ्या मुलाला अख्खा तास उन्हात उभं केलं होतं, तो माणूस अख्ख्या गावासमोर खोटं बोलला आणि वर हात जोडून उभा राहिला. मी पुढे होऊन ‘रेडिओ मी लावला’ म्हणायला हवं होतं. तीन शब्द. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत. आयुष्यात पुढे मी बरंच काही बोलले, नको तिथेही बोलले, पण त्या पायरीवरचे ते तीन शब्द अजून माझ्याकडेच आहेत. हळद पुन्हा लागली, लग्नही झालं, त्या बाईला आता पणतवंडं आहेत. रेडिओ मात्र दुसऱ्या दिवशी सरपंचांच्या ओटीवर गेला, कुलपाच्या कपाटात, फक्त संध्याकाळच्या बातम्यांपुरता.

त्या संध्याकाळी अण्णा टकळी घेऊन बसले. मला हाक मारली. ‘का लावला होतास?’

मी सांगितलं. आईचं कार्ड, चार वाजता, ती तिकडे आणि मी इकडे. टकळी फिरायची थांबली आणि सूत तुटलं. मला वाटलं, अण्णा आता मारतात. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, म्हणून जास्तच भीती वाटली. शेवटी ते म्हणाले, ‘तू तिला गोष्टीबद्दल लिहितेस?’

‘दर सोमवारी.’

‘मग लिहीत जा. रेडिओ गेल्याचं कळवू नकोस.’

‘पण पुढे काय झालं ते मला कसं कळणार?’

अण्णांनी तुटलेलं सूत बोटांनी सांधलं. ‘तुला कळेल,’ म्हणाले.

अशी मी बाराव्या वर्षी खोटं लिहायला शिकले, आणि तेही मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून. दर रविवारी चार वाजता मी मागल्या पडवीत आंतरदेशीय पत्र घेऊन बसायचे. सुरावट मनातल्या मनात म्हणायचे. ती संपली की लिहायला लागायचे. पहिल्या पत्रात भीत भीत चारच ओळी लिहिल्या. आईचं उत्तर आलं: ‘त्याच्याकडचं पाणी संपलं तर काय करील ग तो?’ म्हणून मी त्याला एका धूमकेतूचं बर्फ वितळवून दिलं. मग तिनं विचारलं, तो जेवतो काय. मी त्याला कुळथाची पिठी करायला लावली. यानात दोरी बांधून त्यानं धोतर वाळत घातलं. त्याच्याशी कोणी सागरगोटे खेळत नाही म्हणून तो एकटाच खेळतो आणि खडे वरच्या वर तरंगत राहतात, खाली येतच नाहीत, म्हणून त्याचा डाव कधी संपत नाही. आता आठवून लाज वाटते, पण तेव्हा मी एकेक पान भरून लिहीत होते, आणि आठवड्यातला तेवढाच वेळ मला कोणाची उणीव भासत नसे.

एका पत्रात मी लिहिलं की पृथ्वीवरून त्याला कागदी निरोप येऊ लागलेत, पण यानातलं यंत्र ते आधी एक दिवस उन्हात वाळवतं आणि मगच त्याच्या हाती देतं. त्यामुळे अक्षरं उडतात आणि घरचा वास येत नाही. मी काही मुद्दाम लिहिलं नव्हतं. जे रोज डोळ्यांसमोर होतं ते लिहिलं. त्यावर आईचं कार्ड उशिरानं आलं. तीनच ओळी होत्या. त्यांतली एक: ‘कुसू, ऊन चांगलं असतं. वाळवू दे.’ मला वाटलं, ती गोष्टीतल्या यंत्राबद्दलच लिहिते आहे.

गोष्ट संपवायची मला भीती वाटत होती. तो एकदा परत आला की मग लिहायचं काय? म्हणून मी त्याला पृथ्वीजवळ आणला आणि तिथेच फिरत ठेवला. त्याला वरून सावित्री दिसते, महाडचा पूल दिसतो, घाटाचा रस्ता दिसतो. पण पाऊस आहे, ढग आहेत, उतरायला जागा दिसत नाही. ‘पुढच्या रविवारी ढग निघाले तर उतरेल,’ असं मी श्रावणात लिहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी तेच लिहिलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात अण्णांना तार आली. ते सकाळच्या एसटीनं वर गेले आणि तीन दिवसांनी एकटेच परत आले. विहिरीवर आंघोळ करताना त्यांनी इतक्या बादल्या ओतल्या, की आत्यानं जाऊन त्यांच्या हातातून दोर घेतला.

मी शाळेतून आले तेव्हा आत्यानं आईची सगळी कार्डं बंबात घातली होती. तिला वाटलं, पोरीच्या जिवाला धोका नको. मी तिला खूप वाईट बोलले. ती उलट बोलली नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या जिभेची धार गेली. माझ्याजवळ आईचं अक्षर म्हणून आज काहीही नाही.

दिवाळीनंतर एके दुपारी एक बाई ओटीच्या खाली येऊन उभी राहिली. नऊवारी, हातात ट्रंक, गालांची हाडं वर आलेली. कापडे गावची भागीरथीबाई. बरी होऊन घरी परत चालली होती, वाटेत पोलादपूरला उतरली. आईच्या शेजारचा पलंग तिचा. आत्या दारातच थबकली. मग आत गेली आणि पितळेच्या पेल्यातून पाणी घेऊन आली. आमच्याच पेल्यातून. त्या दिवशी मी आत्याला मनातून माफ केलं.

भागीरथीबाईनं ट्रंकेतून माझ्या पत्रांचा गठ्ठा काढला. लुगड्याच्या काठानं बांधलेला. ‘तू कुसू ना गो? ह्या तुजा हाय.’

मी गठ्ठा घेतला. अण्णा ओटीवर टकळी घेऊन बसले होते.

‘तुजी आय वाचून दावायची. आयतवारी चार वाजता. आमी समदी बायका आपापल्या खाटंवर उठून बसायचो. आदी ती त्या वाज्याचा सूर गुनगुनायची, मंग वाचायची.’

‘व्हरांड्यात? रेडिओपाशी?’ मी विचारलं.

‘व्हरांडा कुठला! गेल्या सालच्या दिवाळीपासून ती आतल्या वार्डात. तितं रेडिवचा आवाज नाय येत. तुजीच पत्रं आमचा रेडिव.’

मी अण्णांकडे बघितलं. ते महिन्याच्या महिन्याला वर जात होते. दिवाळीपासून त्यांना हे ठाऊक होतं. म्हणजे मी पेटीच्या डाव्या बाजूला सरून जागा करत होते तेव्हा, निदान थंडीपासून तरी, मी एकटीच बसलेली होते. आणि रेडिओ गेल्यावर आईजवळ कुठलीच गोष्ट उरली नसती, हे अण्णांनी त्या संध्याकाळी तुटलेलं सूत हातात धरून ओळखलं होतं.

‘तिला कळलं नाही?’ मी म्हटलं. ‘मी मनचं लिहीत होते ते?’

भागीरथीबाई हसली. तिला खोकला आला नाही, हे मला तेव्हाही जाणवलं. ‘न कळाया काय झाला? पिठीचा वाचला तवा पोट धरून हसली. म्हनली, भागीरथी, हा आमच्या घरचा चंद्र गो. मास्तरांनी रेडिवचा सांगितला असंल, नायतर नसंल. पन ती वळकून व्हती. येकच पत्र तिनं आमाला वाचून दावला नाय. उन्हात वाळवायचा. त्यो उशाखाली ठेवला. त्या दिशी सूर पन नाय काडला.’

आत्या दारात उभी होती. ती आत निघून गेली.

भागीरथीबाई ट्रंक उचलायला वाकली, पण उचलली नाही. तशीच वाकलेली राहून माझ्याकडे वर बघत म्हणाली, ‘पोरी, येक इचारू? आमच्या वार्डात अजून सात बाया हायत. मी निगाले तवा समद्यांनी सांगून धाडलाय, तितं जाशील तर इचारून घे. त्यो बाप्या शेवटी उतरला का नाय?’

ढगांच्या वर मी त्याला ठेवून दिला होता आणि गेले तीन महिने त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

‘उतरला,’ मी म्हटलं.

‘कुटं?’

‘कापड्याला. भातकापणी झाली होती ना, मोकळं शेत होतं.’

‘आमच्या गावाला!’ तिनं ट्रंक उचलली. ‘बरा झाला गो. कार्ड टाकते त्यांना. लय वाट बगत व्हत्या.’

ती गेली. पुढच्या रविवारी दुपारी मी पडवीत नुसतीच बसले होते. हातात कागद नव्हता. ओटीवरून टकळीचा आवाज येत होता, तो थांबला. अण्णा आतून चालत पडवीत आले. या वेळी ते कधी इकडे येत नसत. माझ्या डाव्या बाजूला थोडी जागा होती, तिथे धोतर सावरून बसले. शाळेच्या घड्याळानं चारचे टोले दिले. अण्णांनी घसा साफ केला.

‘कापड्याला उतरल्यावर काय केलं त्यानं?’ त्यांनी विचारलं.